सुरो महिन्यातलं अंगण

कम्पुंग केपुह, वोनोजाती, जावा
२८ मे १९९६

पाकदे प्रवोतो यांना सादर नमस्कार.

आई म्हणाली, "तुझ्या मोठ्या मामाला लिही, नाहीतर तो रुसेल." मी म्हटलं, पाकदे रुसत नाहीत, ते फक्त लोकांना कमी लेखतात. तरी लिहिते आहे, कारण माझ्या प्रबंधाचं काम सुरू झालं आहे आणि आख्ख्या घराण्यात वास्तुकला कळणारे तुम्ही एकटेच. निदान तुमचं तसं म्हणणं आहे.

विषय आहे केपुह वस्तीची पुनर्रचना. मार्गदर्शक पाक हार्दियोनो. हो, तेच. नाव वाचून पत्र फेकू नका. त्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. आधी पेन्सिल उचलायची नाही. वस्तीत जाऊन राहायचं, कोण कुठे काय करतं ते बघायचं, त्यावरून कोणत्या कामाला किती जागा हवी ते ठरवायचं आणि मगच नकाशाला हात घालायचा. म्हणून मी महिनाभर इथे बू तुमिराह नावाच्या विधवा बाईंच्या घरात राहते आहे.

वस्ती कसली, घरांचा नुसता ढिगारा आहे. गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरावं लागतं. लोकही तसलेच. दरवर्षी कुठलं ना कुठलं विद्यापीठ पोरं पाठवतं, त्यामुळे मी बॅग घेऊन आले तेव्हा नळावरच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "आलं का यंदाचं पीक?" प्रश्न विचारले की हसतात, चहा देतात आणि गप्प बसतात.

पण गंमत ऐका. एवढ्या दाटीत मधोमध एक भलंमोठं अंगण मोकळं पडलंय! सकाळ-संध्याकाळ मी तिथे बसून पाहते. वाळत घातलेले क्रुपुकचे पापड, ते टिपायला टपलेल्या कोंबड्या, बाकड्यावर घोरणारा एक म्हातारा. बस्स. बू तुमिराहना विचारलं, "हे अंगण कशाला वापरता?" तर म्हणतात, "आत्ता? आत्ता कशालाच नाही." हे लोक मुंग्यांसारखे एकमेकांच्या अंगावर राहतील, पण हाताशी असलेली जागा वापरायची अक्कल नाही. मी नोंद केली: वापर नाही.

तुमची
वेनिंग


सालातिगा
६ जून १९९६

न्दुक वेनिंग,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही. आत्मविश्वास मात्र चांगलाच वाढलेला दिसतो, तो हार्दियोनोच्या संगतीत फुकट मिळतो.

हा माणूस माझ्या शेजारच्या खोलीत बसायचा. स्वतःचं घर स्वतः काढलं आणि न्हाणीघराचं दार बैठकीच्या खोलीत उघडतं हे त्याला वास्तूच्या जेवणाच्या दिवशी पाहुण्यांकडून कळलं. असा माणूस विभागप्रमुख झाला, म्हणून मी बाहेर पडलो. तुझी आई त्याला 'प्रवोतोदादाची निवृत्ती' म्हणते. म्हणू दे.

वस्तीविषयी तुझं जे मत झालं आहे ते मला मान्य आहे. मी असल्याच एका कम्पुंगात जन्मलो आणि पाय काढला तो पुन्हा वळून न बघता. कम्पुंगाबद्दल ज्यांना उमाळे येतात ते तिथे जन्मलेले नसतात. गर्दी, उखाळ्यापाखाळ्या आणि दुसऱ्याच्या पातेल्यात काय शिजतंय याची चौकशी, यापलीकडे तिथे काही नसतं.

तुझं अंगणाचं निरीक्षण मला फार आवडलं. ते बदलू नकोस. प्रबंधात ठळक अक्षरांत घाल, ज्युरीपुढे त्यावरच जोर दे. आणि निरीक्षणाची तारीख पहिल्या पानावर न विसरता लिही. ज्युरीला कोण कोण बसणार ते मला कळव.

तुझा
पाकदे


वोनोजाती
१६ जून १९९६

पाकदे,

तुम्ही माझ्या कामाला 'फार आवडलं' म्हणालात! आईने ते वाक्य दोनदा वाचायला लावलं. तिचा विश्वास बसेना.

उद्या केपुह सोडते आहे. आराखडा ठरला. अंगणात दुमजली दुकानांची ओळ, मागे गाड्या लावायला जागा, वरच्या मजल्यावर वस्तीसाठी छोटीशी बैठकीची खोली. दुकानांच्या भाड्यातून गल्ल्या रुंद करायच्या. पाक हार्दियोनो म्हणाले, "रिकाम्या जागेचं सोनं केलंस."

पुठ्ठ्याची प्रतिकृती काल बू तुमिराहना दाखवली. त्यांनी वाकून सगळीकडून पाहिली आणि म्हणाल्या, "छान आहे हो. आणि चुली कुठे?"

मी म्हटलं, "प्रत्येक घरात शेगडीचा ओटा दाखवलाय की."

"त्या नाही गं," म्हणाल्या, हसल्या आणि आत निघून गेल्या. यांना धड प्रश्नही विचारता येत नाही. त्यांची मुलगी लेस्तारी, तिचं लग्न एका बस कंडक्टरशी ठरलंय असं शेजारणीकडून कळलं. लग्न कधी, विचारलं तर बू तुमिराहनी डोळे वटारले. "पुढे बघू." इथे सगळंच पुढे बघू. आयुष्यच्या आयुष्य पुढे ढकलून बसलेत.

ज्युरीत पाक हार्दियोनो, आमच्याच विभागातले दोघे, एक बाहेरचे प्राध्यापक आणि नगररचना कचेरीतले पाक सुदार्माजी.

वेनिंग


वोनोजाती
२२ ऑगस्ट १९९६

पाकदे,

तुमचं उत्तर आलं नाही. तब्येत बरी आहे ना? की मी ज्युरीची नावं लिहिली त्यानेच जेवण गेलं नाही?

ज्युरी झाली. वर्गात पहिली आले. अंगणाच्या पानाशी आल्यावर बाहेरचे प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "अशी नजर हवी." पाक सुदार्माजींनी तर प्रबंधाच्या प्रती कचेरीत नेल्या. त्यांच्याकडे केपुहसाठी मंजूर झालेलं काम अभ्यासाअभावी अडून होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बैठक, मग सही, मग बांधकाम. माझं पहिलं काम बांधलं जाणार! कागदावर राहणार नाही! तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तुमचं काय काय बांधलं गेलं, हे कधीतरी विचारायचं आहे.

पदवीदान डिसेंबरात. याल ना?

वेनिंग


सालातिगा
२९ ऑगस्ट १९९६

वेनिंग,

तब्येत उत्तम आहे. हसून हसून पोट दुखतं आहे, एवढंच.

तू केपुहमध्ये राहिलीस तो महिना कोणता होता? मे-जून नव्हे. आपला महिना. सुरो! वर्षाचा पहिला महिना, ज्यात जावातला भिकारीसुद्धा शुभकार्य करत नाही. लग्न नाही, सुंतेचं जेवण नाही, घर बदलणं नाही, मांडवाचा बांबू कोणी उभा करत नाही. तू गेलीस, बरोबर त्या महिन्यात बसलीस आणि लिहिलंस की अंगणाचा वापर नाही! मशिदीत भर दुपारी दोन नमाजांच्या मधल्या वेळेत जाऊन लिहावं की इमारत रिकामी असते, तसलं हे संशोधन.

हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. तुझ्या चुलतबहिणीचं लग्न गेल्या वर्षी याच कारणाने लांबलं तेव्हा तूच फोनवर कुरकुरत होतीस. पण विद्यापीठाचं ओळखपत्र गळ्यात घातलं की तुम्हा लोकांच्या डोक्यातून घर पुसलं जातं.

मला तुझ्या पहिल्याच पत्रात हे दिसलं होतं. मी गप्प बसलो. म्हटलं, ज्युरीत कोणीतरी विचारेल, सगळ्यांदेखत हार्दियोनोचं तोंड काळवंडेल आणि तुलाही जन्माची अद्दल घडेल. एवढीच माझी हौस होती. आणि निघालं काय? पाचही जण जावानीज, पाचही जणांनी आपापल्या पोरांची लग्नं दिवस-वार जुळवून लावलेली, आणि एकानेही तारखेकडे पाहिलं नाही! पहिल्या पानावर असूनही! मी त्यांना मूर्ख समजत होतो. ते त्याहून खालचे निघाले.

पाकदे


कम्पुंग केपुह
१२ सप्टेंबर १९९६

पाकदे,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग बस पकडून इथे आले.

गल्लीत शिरले तर वाटच नाही. अंगणभर मांडव, बांबूच्या खांबांना कोवळ्या झावळ्या बांधलेल्या. कडेने विटांच्या चुली, ओळीने. त्यांवर कोवळ्या फणसाची पातेली, भाताची घमेली. सगळ्या गल्ल्यांतल्या बायका चटयांवर बसून छोटे लाल कांदे सोलत होत्या, एकमेकींची उणीदुणी काढत होत्या. लग्न कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या मुलीचं, पण चूल कुणाच्या घरात पेटली नव्हती. सगळं केपुह तिथेच रांधत होतं, तिथेच जेवत होतं. रेवांग म्हणतात याला, ते तुम्हाला सांगायला नको. या पंधरवड्यातलं हे कितवं लग्न, ते मी विचारलंच नाही. लाज वाटली.

नगररचना कचेरीच्या माणसांनी अंगणात लाल रंगाच्या खुंट्या ठोकून ठेवल्यात. त्यांच्यावर बायकांनी ओली फडकी वाळत घातली होती.

बू तुमिराहनी मला पाहिलं. उठल्या नाहीत. "आलीस? सुरी घे. कांदे तिकडे आहेत."

मी म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?"

"की इथे लग्नं होतात."

त्यांनी हातातला कांदा खाली ठेवला. "तू विचारलंस, अंगण कशाला वापरता. मी आत्ताचं सांगितलं. सुरोत लग्नाचं नाव कोण तोंडातून काढेल, बाई? माझ्या घरात लग्नाची पोर आहे. आणि तुला कळत नसेल असं वाटलंच नाही. जावातलीच ना तू? की पुठ्ठ्याची आहेस?"

बायका इतक्या हसल्या की एकीच्या मांडीवरचं ताट उलटलं.

मग त्या शांतपणे म्हणाल्या, "दुकानं आली की लग्नं शहरातल्या हॉलमध्ये. हॉलवाला स्वतःचा आचारी आणतो. मग आम्ही कोण? पाहुणे. इथे पाहुणं कुणीच नसतं." लेस्तारीचं लग्न ऑक्टोबरच्या शेवटी आहे. तोवर अंगण राहील का, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी उत्तर देण्याच्या लायकीची नाही, हे त्यांना माहीत आहे.

चूक माझी. पण तुम्हाला जूनमध्ये माहीत होतं. एक ओळ लिहिली असतीत तर मी पुन्हा येऊन बघितलं असतं. हार्दियोनोंचं तोंड काळवंडावं म्हणून तुम्ही चारशे माणसांचं अंगण पणाला लावलंत. मला तुमचा भयंकर राग आलाय.

तरी मागते आहे. तीन ऑक्टोबरला कचेरीत बैठक आहे. या. पाक सुदार्माजी तुमचे विद्यार्थी होते, बाहेरचे प्राध्यापकही. तुम्ही बोललात तर ऐकतील. मी बोलले तर हसतील.

वेनिंग


सालातिगा
१९ सप्टेंबर १९९६

वेनिंग,

हार्दियोनो ज्या टेबलाशी बसतो त्या टेबलाशी मी बसणार नाही. सुदार्माजी माझा विद्यार्थी होता हे खरं आहे, तो जिना काढायचा तेव्हा शेवटची पायरी भिंतीत जायची. अशांपुढे हात जोडायला मी येऊ?

आणि तुझ्या पत्रातला तो कांद्याचा परिच्छेद! आला तुलाही उमाळा. मी ते कांदे सोलले आहेत. माझ्या आईने आयुष्यभर सोलले. तिच्या अंगाचा वास गेला नाही कधी. लग्न कुणाचंही असो, राबायचं आपण. त्याला तू आता संस्कृती म्हणणार. म्हण.

माझा सल्ला शेवटचा म्हणून ऐक. गप्प बस. पदवी घे. तोंड उघडलंस तर हार्दियोनो तुझा प्रबंध रद्द करेल आणि आपली कातडी वाचवेल. अंगणं येतात आणि जातात. या देशात आजवर कुठलं अंगण कुणाच्या प्रामाणिकपणामुळे वाचलं आहे?

पाकदे


वोनोजाती
५ ऑक्टोबर १९९६

पाकदे,

एकटी गेले.

लांब टेबल, डब्यांत चिकट भाताचे लेम्पर आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या, भिंतीवर माझी रेखाटनं. पाक हार्दियोनोंनी सुरुवात केली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "अंगणाचं माझं निरीक्षण सुरो महिन्यातलं आहे. ते चुकीचं आहे."

कुणी दचकलं नाही. हे सगळ्यांत वाईट होतं. पाक सुदार्माजी हसले. "अहो, म्हणजे काय! माझ्या धाकटीचं लग्न मीही त्याच कारणाने पुढे ढकललं होतं. मला वाटलं, हार्दियोनोसाहेबांनी ते धरलं असेल."

हार्दियोनो म्हणाले, "मला वाटलं, विद्यार्थिनीने धरलं असेल."

बाहेरचे प्राध्यापक लेम्परचं केळीचं पान सोलत म्हणाले, "मला वाटलं, विषयाशी त्याचा संबंध नाही."

मग म्हणे, आता छापून झालंय, बैठकीच्या खोलीत लहान समारंभ होऊ शकतील, एखादी पुरवणी जोडू. पाकदे, तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आपल्या घरातलं शहाणपण आपण कचेरीच्या दारात चपलांसारखं काढून ठेवतो. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि स्वतःची सर्वांत जास्त.

मी पिशवीतून अर्ज काढला. प्रबंध मागे घेते आहे. अभ्यासच नाही म्हटल्यावर त्यावर उभी असलेली फाईल वरच्या कचेरीत जाऊ शकत नाही. नियम त्यांचाच. सुदार्माजींचं हसू तेव्हा थांबलं. हार्दियोनो म्हणाले, "एका वस्तीसाठी स्वतःचं वाटोळं करतेस? तुझ्या मामासारखीच डोक्याने अर्धवट आहेस." मी म्हटलं, "मामा आले असते तर तुमच्याशी सहमत झाले असते."

पदवी गेली. पुढच्या वर्षी नवा विषय, नवा मार्गदर्शक, कोणी घेतलं तर. खुंट्या काल उपटल्या. बायकांनी त्या चुलीत घातल्या.

लेस्तारीचं लग्न २७ तारखेला. बू तुमिराह म्हणाल्या, "तुझ्या घरच्यांनाही सांग." म्हणून सांगते.

वेनिंग


सालातिगा
२ नोव्हेंबर १९९६

न्दुक वेनिंग,

तू मूर्खपणा केलास. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

मी आलो होतो. सत्तावीस तारखेला, सकाळच्या बसने. बाटिकचा शर्ट घातला होता. केपुहच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथून अंगण दिसतं, तिथे उभा राहिलो. मांडव बरा होता. मधला खांब चुकीच्या जागी होता, पण उभा होता. सवयीने मी कडेकडेने पावलं टाकून मांडवाची लांबी मोजली. तू दिसलीस. चुलीपाशी बसून धुराने डोळे पुसत होतीस. माझी आई तशीच पुसायची.

बराच वेळ उभा राहिलो. कोणी हाक मारली नाही. अनोळखी माणूस मांडवाच्या कडेला उभा असेल तर त्याला "या, जेवा" म्हणतात, हा मान माझ्या लहानपणी भिकाऱ्यालाही मिळायचा. तुझ्या लाडक्या केपुहमध्ये तेवढीही माणुसकी उरलेली नाही. हाक आली असती तर मी चटईवर बसलो असतो. दुपारच्या बसने परत आलो.

कशासाठी पदवी घालवलीस, ते एकदा स्वतःला विचार.

पाकदे


कम्पुंग केपुह
९ नोव्हेंबर १९९६

पाकदे,

तुम्हाला सगळ्यांनी पाहिलं होतं.

बू तुमिराह तुम्हाला बोलवायलाच उठल्या होत्या. हात पुसले, केळीच्या पानावर भात घेतला, त्यावर फणसाची भाजी वाढली. तेवढ्यात तुम्ही मांडवाच्या कडेने मोजून पावलं टाकायला लागलात, वर खांबाकडे बघून मान हलवलीत.

त्या परत खाली बसल्या. पान शेजारणीच्या पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "राहू दे. आणखी एक मोजायला आलाय. बघेल आणि जाईल."

बायका हसल्या. मीही त्यांच्यात बसले होते. तो माझा मामा आहे, हे मी सांगितलं नाही.

वेनिंग